वाटीखालचा श्वास

हरळगावात त्या आठवड्यात तीन शेतांची तेरावी होती, त्यामुळे कुणाच्याच घरी चूल पेटली नव्हती. ओढ्याकाठच्या मळईचं जेवण सकाळी झालं, माळावरच्या मुरमाडाचं दुपारी होतं आणि परवा देवळामागच्या काळ्या रानाचं. काळं रान मोठं असल्यामुळे तिथे जिलबी होती. शेतांचे मालक कडक इस्त्रीचे कपडे घालून दारात उभे होते आणि येणारा प्रत्येक जण हात जोडून म्हणत होता, "सुटलात एकदाचे!"

बाहेरच्या माणसाला हे जरा चमत्कारिक वाटेल. पण माती मेल्याचा दाखला द्यायला मृदा प्राधिकरणाला पाच पंचांच्या सह्या लागत. पंच जेवल्याशिवाय सही करत नसत. मृत्यूच्या सहीसाठी जेवायचं म्हटल्यावर त्याला तेरावं म्हणणं ओघानं आलं. पुढे पुढे भटजीही येऊ लागले. मंत्र कोणते म्हणायचे यावर त्यांच्यात मतभेद होते, दक्षिणेवर नव्हते.

हे सगळं सुरू झालं एका चांगल्या माणसाच्या चांगल्या शोधातून. वाईट माणसांच्या वाईट शोधांपासून सावध राहता येतं. चांगल्यांचं तसं नसतं.

पूर्वी मातीची ओळख डोळ्यांनी आणि हातांनी होत असे. काळी, तांबडी, मुरमाड, चोपण. मुठीत दाबली की ढेकूळ होतं की सांडून जाते, पाणी किती धरते, नांगराला किती चिकटते, यावरून तिचं गोत्र ठरे. शास्त्रज्ञांनी याच गोष्टी नळ्यांत आणि चाळण्यांत घालून मोजल्या आणि मोठमोठी वर्गीकरणं केली. डॉ. विभावरी सोनटक्के तरुण असताना या वर्गीकरणात काम करत. त्यांना एक गोष्ट खटकायची. या सगळ्या यादीत माती एखाद्या मेलेल्या वस्तूसारखी मांडलेली होती.

माती म्हणजे नुसता खडकाचा भुगा नव्हे. उन्हानं खडक तडकतो, भेगेत पाणी शिरतं, शेवाळ त्यावर आम्ल सोडतं, मुळं भेग रुंद करत जातात, आणि बोटाच्या पेराएवढा थर तयार व्हायला कित्येक शतकं जातात. तरीही तो भुगाच. त्याची माती होते ती त्यात राहायला आलेल्यांमुळे. डोळ्यांना न दिसणारे जिवाणू, बुरशीचे तंतू, किडे, गांडुळं. चमचाभर चांगल्या मातीत पृथ्वीवरच्या माणसांइतके जीव असू शकतात. ते पालापाचोळा खातात आणि आपल्यासारखाच श्वास सोडतात. म्हणजे माती श्वास घेते. कवितेत नव्हे, खरोखर. जमिनीतून कार्बन डायऑक्साइड वर येत असतो आणि तो मोजता येतो.

सोनटक्केबाईंनी तो मोजणारी वाटी बनवली. वरणाच्या वाटीएवढीच, स्टीलची, पाठीवर छोटा पडदा असलेली. जमिनीवर पालथी घालायची, थोडं थांबायचं, पडद्यावर शून्य ते शंभरमधला एक आकडा येतो. त्याला त्यांनी 'श्वासांक' म्हटलं. अहवालात त्यांनी बजावून लिहिलं होतं की हा आकडा एकटा वाचू नये. मातीची खोली, पोत, ओल, खारटपणा हे सगळं सोबत पाहावं, माणसाचा ताप पाहताना वयही विचारतात तसं. अहवाल जाडजूड होता आणि आकडा एका ओळीत मावत होता. मंत्रिमंडळानं आकडा वाचला.

कायदा झाला. ज्या मातीचा श्वासांक चाळीसच्या वर ती 'सश्वास', म्हणजे जिवंत. जिवंत मातीत परवानगीशिवाय खणणं, नांगरणं, भर घालणं, खत-पाणी देणं हा 'हस्तक्षेप', म्हणजे गुन्हा. चाळीसच्या खाली ती 'निःश्वास', म्हणजे मेलेली. तिचं मालकानं काय वाटेल ते करावं.

हेतू सोन्यासारखा होता. फक्त नांगरणीची परवानगी कापणीच्या सुमारास येई आणि पाणी देण्याची परवानगी पूर आल्यावर. जिवंत जमीन बाळगणं म्हणजे घरात वाघ पाळण्यासारखं झालं. मान मोठा, पण अंगणात जायची चोरी. मग लोकांनी सोपा मार्ग काढला. त्यांनी माती मारली. मारणं कायद्याच्या यादीत लिहायचं राहून गेलं होतं.

त्यासाठी 'निजवणारे' नावाचा नवा व्यवसाय उदयाला आला. वळवाच्या सरीनं रान भिजलं की ऐन उन्हाळ्यात त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून बसवायचं आणि सूर्याला आपलं काम करू द्यायचं. आत सगळं उकडून निघतं. वर एकदा गरम वाफ फिरवली की संपलं. नंतर वाटी लावायची, दाखला घ्यायचा, पंचांना जेवू घालायचं आणि त्या मेलेल्या जमिनीवर रॅक उभे करून द्रावणात पालक लावायचा. सगळं राज्य आता रॅकवरचंच खात होतं. कायद्याचं उल्लंघन दरवर्षी कमी कमी होत होतं. ज्याचं रक्षण करायचं तेच उरलं नाही की गुन्हे आपोआप थांबतात. प्राधिकरणाला याबद्दल पारितोषिकही मिळालं होतं.

हरळगावात सोनटक्केबाई आल्या त्या पायगोंडा मगदूम यांच्या पानमळ्यासाठी. तालुक्यात सश्वास म्हणून नोंद असलेला तो शेवटचा तुकडा. बाई आता प्राधिकरणात वरिष्ठ तपासनीस होत्या. म्हणजे आपण लावलेल्या शोधाची अंत्ययात्रा गावोगाव काढण्याची जबाबदारी त्यांच्याकडे होती.

मळ्याच्या बांधावर प्लास्टिकची भलीमोठी गुंडाळी पडली होती आणि तिच्यावर गावचा निजवणारा शिंत्रे पाय हलवत बसला होता. शेजारी पायगोंडा मगदूम, म्हणजे गावाचे आप्पा, उभे. सत्तरी ओलांडलेले, टोपी पांढरी, आवाज मोठा.

"या डाक्टरीणबाई," आप्पा म्हणाले. "हा सकाळपास्नं आमच्या उरावर बसलाय. म्हंतोय, मातीला कळतसुदीक न्हाई."

"नाहीच कळत, मॅडम," शिंत्रे म्हणाला. "शांतपणे जाते. आजवर एका मातीची तक्रार नाही आपल्या नावावर."

"पर तुला कळतंय न्हवं? मग झालं तर."

बाईंनी शिंत्रेला चहा प्यायला जायला सांगितलं. तो गेला, गुंडाळी ठेवून गेला.

मळ्यात शिरताच थंड वाटलं. शेवरीच्या उंच काठ्यांवर पानवेली शेंड्यापर्यंत चढल्या होत्या आणि तिथून पुढे जागा नसल्यामुळे खाली लोंबत होत्या. पानं लहान पडली होती, कडा पिवळ्या.

"ही दशा झाली बघा," आप्पा म्हणाले. "वेल वर पोचला की वर्षाला त्याला खाली घ्यावा लागतो. काठीवरनं सोडवायचा, वेटोळं करायचं, बुडाशी मातीत पुरायचं, वर नवी माती नि शेण. पुरल्यावर त्याला नवी मुळं फुटत्यात नि म्हातारा वेल परत तरणा हुतो. उतरण म्हंत्यात आमच्यात. आता तुमचं साहेब म्हंत्यात, उतरण म्हंजे हस्तक्षेप. तीनदा अर्ज केला. तिसऱ्या येळी लिवून आलं की वेलाला स्वतःहून उतरू द्यावं."

"असं लिहिलंय?"

"सही-शिक्क्यानिशी. मी वेलाला वाचून दावलं. न्हाई उतरला."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी वाटी पालथी घातली. आकडा तीस, पन्नास, सत्तर करत एक्याण्णववर जाऊन थांबला. बाईंनी वाटी उचलून पुसली आणि पुन्हा लावली. पुन्हा एक्याण्णव. इतका आकडा त्यांनी प्रयोगशाळेबाहेर कधी पाहिला नव्हता.

"पास झाली का?" आप्पांनी विचारलं.

"पहिली आली."

"म्हंजे नापास," आप्पा म्हणाले आणि बांधावर बसले.

मग बाई म्हणाल्या, "आप्पा, शिंत्रेला एकदा होकार दिलात तर उद्यापासून जमीन तुमची. उतरण करा, काही करा."

"मेलेल्या मातीत मुळं फुटायची वेलाला?"

"नाही फुटणार."

"मग उतरण करून वेलाची काय आरती करू?" आप्पांचा आवाज चढला. "आणि बाई, आम्ही जैन. माझ्या घरात कांदा येत न्हाई. चातुर्मासात मी खुरपं हातात धरत न्हाई, कारण खाली जीव हाय. तुम्ही वाटी काढून आता सांगितलं, आमच्यात आधीपास्नं सांगत्यात. मी खणतो तवा जीव मरत्यात, ठावं हाय मला. त्याची माफी मी रोज मागतो. ते माझं नेहमीचं पाप हाय, त्याची मला सवय हाय. आणि तुमचं सरकार म्हंतंय, सगळेच एकदम उकडून मार, मग तुला माफ! कुठल्या शहाण्यानं काढलं हे?"

"मी," बाई म्हणाल्या.

आप्पांनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. "वाटी तुमची?"

"वाटी माझी. कायदा त्यांचा. पण वाटीशिवाय कायदा झाला नसता."

"बरं झालं सांगितलं," आप्पा म्हणाले. "मी पाठीमागं शिव्या देत हुतो. आता तोंडावर देता येतील."

पण दिल्या नाहीत. त्यांनी घरातून ताक मागवलं.

ताक पिऊन झाल्यावर बाई उठल्या, विहिरीपाशी गेल्या आणि तिच्या कठड्याच्या दगडावर त्यांनी वाटी पालथी घातली. दगड श्वास घेत नाही. आकडा दोनवर थांबला. बाईंनी तो दाखल्यात लिहिला.

आप्पा बघत होते. "ह्ये खोटं हाय."

"वाटी खोटं बोललेली नाही. दगडाचा श्वासांक दोनच असतो."

"पर तुम्ही त्यावर मळ्याचा गट नंबर घातलाय. आमच्यात खोटं बोलायचीबी बंदी हाय, बाई."

"तुम्ही कुठं बोललात? मी लिहिलंय."

आप्पांनी बराच विचार केला. एका बाजूला अगणित जीव, दुसऱ्या बाजूला एक आकडा, तोही दुसऱ्याच्या हातचा. "मग मी ते वाचत न्हाई," ते शेवटी म्हणाले. "आणि तेरावं घालणार न्हाई. जिवंत माणसाचं तेरावं घालत न्हाईत." पंचांच्या सह्या बाईंनी काळ्या रानाच्या जिलबीवरच उरकून घेतल्या. पंचांनी कुठली माती मेली हे विचारलं नाही. शिंत्रे गुंडाळी परत न्यायला आला तेव्हा आप्पांनी त्याला पानं दिली. त्याच आठवड्यात उतरण झाली.

पुढच्या पावसाळ्यात प्राधिकरणाच्या मुख्यालयात सगळ्या तपासनिसांची सभा होती. भिंतीवर राज्याचा नकाशा. जिवंत माती हिरवी, मेलेली करडी. नकाशा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत करडा होता.

संचालक देवस्थळी प्रसन्न होते. "मित्रहो, आज आपण शंभर टक्के अनुपालन गाठलं आहे. राज्यात एकही सश्वास भूखंड शिल्लक नाही. त्यामुळे सश्वास मातीत हस्तक्षेपाचा एकही गुन्हा शक्य नाही. आता ही सगळी करडी जमीन 'निर्जीव खनिज' म्हणून जाहीर करायचा प्रस्ताव आहे. वरचा थर उचलून किनाऱ्याच्या भरावाला वापरता येईल. मेलेल्या मातीला कुणी रडत नाही. उलट लोक जिलब्या वाटतात, असं ऐकतो."

हशा झाला. सोनटक्केबाईंना त्या करड्या नकाशात एक ठिपका दिसत होता. नव्या मुळांचा, ओल्या शेणाचा, एक्याण्णव श्वासांकाचा. तो समुद्रात जाणार होता. त्यांच्या सहीनं.

त्या उभ्या राहिल्या. "नकाशा चुकीचा आहे, सर."

"कुठे?"

"किमान एका ठिकाणी. मी वाटी दगडावर लावली होती."

बाईंनी सहकाऱ्यांकडे पाहिलं. विदर्भाचे तपासनीस चहाच्या कपात बघत होते. कोकणचे खिडकीबाहेर. मराठवाड्याच्या बाईंनी डोळे मिटले होते. एकाएकी सोनटक्केबाईंच्या लक्षात आलं. कुणी वाटी पडवीच्या फरशीवर लावली होती, कुणी जीपच्या टपावर, कुणी मंदिराच्या पायरीवर. कुणाला कुठली म्हातारी भेटली असेल, कुणाला कुठला मळा. राज्यातल्या निम्म्या मातीचा श्वास दगडांनी आणि फरश्यांनी दिला होता. त्यात खरी मेलेली कोणती आणि दयेनं मेलेली कोणती, हे आता कुणालाच माहीत नव्हतं.

"बोला ना," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळे बोललात तर नकाशा पुन्हा करावा लागेल. उचलायचं थांबेल."

कुणीही बोललं नाही. बोललं की आपल्या म्हातारीचा मळा उघडा पडणार, एवढंच प्रत्येकाला दिसत होतं. ती माणसं भित्री नव्हती. चांगली होती.

देवस्थळी मात्र रागावले नाहीत. "उत्तम. म्हणजे एक सश्वास भूखंड आहे तर! कायदा रद्द करायची नामुष्की टळली. सोनटक्केबाई, गट नंबर सांगा. आपण त्याला असं संरक्षण देऊ की जग बघत राहील. बाकीच्या प्रस्तावाला सर्वांची संमती आहे असं मी समजतो."

बाईंनी गट नंबर सांगितला. सांगितला नसता तर तो तुकडा समुद्रात गेला असता.

हरळगावात आधी यंत्रं आली आणि आप्पांच्या चारी बाजूंची रानं, ज्यांची तेरावी झाली होती ती आणि ज्यांची नुसती कागदावर झाली होती ती, उचलून खडकापर्यंत मोकळी केली. मधोमध पानमळा चौथऱ्यासारखा उंच राहिला. मग त्याच्याभोवती कुंपण आलं, कुंपणाबाहेर लोखंडी गॅलरी आली आणि फलक लागला: 'राज्यातील एकमेव जिवंत माती. स्पर्श करू नये.' शाळांच्या सहली येऊ लागल्या. मुलं विचारत, "पण ती काही करत का नाही?"

पाणी तोडण्यात आलं, कारण पाणी देणं म्हणजे हस्तक्षेप. शेणाची गाडी फाटकावर अडवली. आणि माणुसकी म्हणून प्राधिकरणानं आप्पांनाच फाटकावर पहारेकरी नेमलं. कुणाला आत सोडायचं नाही, ही त्यांची ड्यूटी. आत जायची इच्छा असलेला गावात एकच माणूस होता, त्यामुळे काम फारसं नव्हतं.

बाई पहिल्यांदा तिथं गेल्या तेव्हा त्यांना आप्पांच्या नजरेला नजर देववेना.

"तुम्ही खरं बोललात," आप्पा म्हणाले. "खरं बोलल्याबद्दल मी कुणाला रागवावं, बाई? आमच्यात तशी सोय न्हाई." आणि त्यांनी दुसरीकडं तोंड केलं.

श्वासांक मोजण्यासाठी आत जाण्याची मुभा फक्त बाईंना होती. त्या दर महिन्याला येत. वेली काठ्यांवर वाळल्या, शेवरी झडली, जमिनीला भेगा पडल्या. ज्या मातीला कुणी खायला घालत नाही तिच्यातले जीव हळूहळू मंदावतात, याला फार मोठं शास्त्र लागत नाही. एक्याण्णवाचे ऐंशी झाले, ऐंशीचे साठ. बाई आकडा सांगत आणि ऐकताना आप्पा टोपी काढून हातात धरत. "धीर धर म्हणावं तिला," एकदा ते म्हणाले. बाईंनी अर्ज केले, वर्तमानपत्रांत लिहिलं, मंत्र्यांच्या दारात बसल्या. उत्तर एकच आलं: माती जिवंत आहे तोवर हात लावता येत नाही.

आकडा सत्तेचाळीस झाला त्या दिवशी आप्पांनी विचारलं, "चाळीसच्या खाली गेली म्हंजे?"

"कायद्यानं मेली. कुंपण निघेल."

"जमीन?"

"त्या दिवसापासून तुमची. भरावाचा प्रस्ताव पुन्हा मांडेपर्यंत वर्ष तरी जाईल."

आप्पांचे डोळे लकाकले. "मग मला आत जाता यील. पाणी सोडीन, शेण घालीन, कुणाच्या तरी अंगणातल्या कुंडीतनं एखादा वेल आणीन. कागदावर मेलेली असली तरी आत चाळीसभर तर जीव असत्यालच की. त्यांच्यावर परत उभी करीन तिला." ते बोटांवर काहीतरी मोजू लागले. "येत्या महिन्यात हुईल न्हवं?"

"होईल बहुतेक," बाई म्हणाल्या, आणि आपण काय बोललो ते त्यांना गाडीत बसल्यावर कळलं.

पुढच्या महिन्यात त्या आल्या तेव्हा आप्पा फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत आले होते. दाढी केलेली, धोतर धुतलेलं. फाटकाशी पाटीभर शेण आणि नवं खोरं तयार ठेवलं होतं. त्यांनी स्वतः कुलूप काढलं. बाईंनी भेगाळलेल्या जमिनीवर वाटी पालथी घातली. आप्पा कुंपणाच्या जाळीला दोन्ही हातांनी धरून उभे होते, ओठ हलत होते.

आदल्या संध्याकाळी अवकाळीचा एक शिडकावा होऊन गेला होता. वाळलेल्या मातीवर पाणी पडलं की तग धरून बसलेले जीव एकदम जागे होतात आणि अधाशासारखे खायला लागतात. आकडा चाळीसच्या पुढं गेला, पन्नासच्या पुढं गेला.

"बावन्न," बाई म्हणाल्या. "वाढलाय, आप्पा. जिवंत आहे ती."

पायाखाली मुंगी आली तरी थबकणाऱ्या त्या माणसाचा चेहरा पडला.

"अजून?" त्यांनी विचारलं.